जळलेला दगड

बाहेर उणे एकतीस.
गाड्यांच्या नाकांतून वायरी निघालेल्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून
विजेच्या खुंट्यांना बांधलेली, दावणीच्या गुरांसारखी.
आत, पत्र्याच्या शेडमध्ये,
बर्फाच्या दोन पट्ट्या आणि गुरुवारची लीग.

केलव्हर गावात माणसं तीनशे अकरा.
धान्याचं एक उंच कोठार, एक पोस्ट,
दोन चर्च, त्यातलं एक बंद.
पंच एकही नाही. कधी नव्हताच.
कर्लिंगमध्ये आपला गुन्हा आपणच सांगायचा असतो.

फायनल. पाच-पाच. शेवटचा दगड आमचा.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच.
बक्षीस : चार गोठवलेल्या टर्की, एक लाकडी ढाल,
आणि वर्षभर को-ऑपच्या दुकानात
आपला फोटो, अंड्यांच्या कपाटावर.

मायरनने दगड सोडला. वीस किलोचा ग्रॅनाइट
पोटातल्या पोटात गुरगुरत निघाला.
पुढे आम्ही दोघं झाडत.
मी, आणि वासिल हृत्साक,
वय अडुसष्ट, स्कूलबसचा निवृत्त ड्रायव्हर,
गुडघ्यात स्टीलची वाटी.
घरातून कॉलीन ओरडतेय : झाडा! झाडा!
(रंगीत वर्तुळांना इथे घर म्हणतात.
सगळेच दगड घरी जायला निघालेले असतात.)

घराच्या उंबऱ्यात
वासिलच्या ब्रशची कड
दगडाला लागली.
केसाएवढी.
ग्वेन थॉरलॅकसन पलीकडे उभी होती,
पण मध्ये आमच्या पाठी होत्या.

दगड थांबला. बरोब्बर मधोमध.
मायरनने टोपी उडवली.

इथे म्हणतात, दगड जळला.
एवढ्या बर्फात जळणं कुठून आलं
मला ठाऊक नाही,
पण नियम असा की आधी सगळं थांबू द्यायचं,
मग बोलायचं.
मधले ते तीन-चार श्वास
कुणाच्याच मालकीचे नसतात.
त्यांत मी को-ऑपचा फोटो पाहिला.
मी डावीकडे उभी होते. छान दिसत होते.

वासिलने हात वर केला.
“जळला. माझाच ब्रश.”

मायरन म्हणाला, “कुणी पाहिलंय?”
पाहिलं होतं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले.
ती सुटलेली नव्हती.

आता निवाडा ग्वेनचा :
दगड तसाच ठेवायचा, काढून टाकायचा,
किंवा न लागता तर जिथे गेला असता
तिथे सरकवायचा.
ग्वेन उकिडवी बसली, उठली, नाक पुसलं.
मग भलतंच केलं.
आरोपीलाच विचारलं,
“तुला काय वाटतं, वासिल? कुठे गेला असता?”

एक वीतभर सांगितलं असतं तरी
आम्ही जिंकत होतो.
त्याने बर्फाकडे पाहिलं,
जसा तो चाळीस वर्षं
बस सुरू करण्यापूर्वी आरशात पाहायचा,
सगळी पोरं बसली का.
“पुढे गेला असता,” म्हणाला.
“लागल्यामुळेच थांबला.
पार निळ्या पट्ट्यापर्यंत.”
आणि ग्वेनने तो पायाने
निळ्या पट्ट्यापर्यंत ढकलला.

रडीचा डाव म्हणतात तो
नेहमी आरडाओरड्याचा असतो असं नाही.
कधी तो नुसता वाकतो
आणि नाडी बांधतो.

रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी पाजली.
मायरन तासभर वासिलशी बोलला नाही,
मग त्याच्याकडेच मीठ मागितलं.
टर्की ग्वेनच्या ट्रकमध्ये गेल्या.
वासिलने मला काही विचारलं नाही.
अजूनही विचारलेलं नाही.

पार्किंगमध्ये मी हीटर लावून आत बसले.
काचेवर बर्फाचं कातडं.
तो स्वतःची गाडी सोडून आला
आणि माझी काच खरवडू लागला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
काही न सोडता.
हळूहळू मला त्याचा चेहरा दिसू लागला.
आणि त्याला माझा.